मागली मेंढी

पेपर आला की तात्या आधी निधनवार्तांचं पान उघडायचे. राजकारण, क्रिकेट, उसाचा भाव हे सगळं नंतर. "जित्यांचं काय, ती उद्या बी हायेत," असं म्हणत ते एकेका फोटोखाली बोट ठेवून नाव, बापाचं नाव, गाव, दहाव्याची वेळ मोठ्यानं वाचत. ओळखीचा निघाला तर दहाव्याला तात्या हजर, मग एसटी मिळो न मिळो.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. कळप विकून ऊस लावला तेव्हा पन्नाशी उलटली होती. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. चौथीत असताना मीच त्यांना माझ्या अंकलिपीवरून अक्षरं शिकवली, म्हणून ते मला तेव्हापासून 'मास्तर' म्हणायचे. पुढं मी खरोखरच मास्तर झालो, इंदापूरकडच्या एका हायस्कुलात, तोही मराठीचा.

आणि माझीच मुलगी श्रावणी नववीत गेली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शब्दाची पहिली दोन अक्षरं बघायची आणि उरलेलं अंदाजानं ठोकून द्यायचं, ही तिची रीत. संध्याकाळी मी तिला धडा घेऊन बसवायचो आणि शब्दाशब्दाला दुरुस्त करायचो. दहा मिनिटांत तिचा आवाज बसायचा, पंधराव्या मिनिटाला माझा चढायचा, आणि मग बायको येऊन पुस्तक मिटायची. एकदा श्रावणी सरळ म्हणाली, "पप्पा, वर्गात उभं करून वाचायला लावतात. मी उद्यापासून शाळेत जाणार नाही." त्यावर मी म्हणालो, "मराठीच्या मास्तरची पोरगी तू, लोक काय म्हणतील?" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला आमच्याकडं आले. वस्तीवर धूळ, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर शहरातच राहायला सांगितलं. नवा चष्मा महिन्यानंतर मिळणार होता, आणि तोवर बारीक अक्षर दिसत नव्हतं. पहिल्याच सकाळी काळा चष्मा लावून त्यांनी पेपर श्रावणीपुढं सरकवला. "वाच बाय, कोण कोण गेलं."

ती अडखळत वाचू लागली. तात्या सुपारी कातरत बसले. ती अडली की तेही थांबत, शब्द पुरवत नसत. आतल्या खोलीत मी दात आवळून बसलेला असायचो. ओळ संपली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मागली मेंढी आली का?"

त्याचा अर्थ त्यांनी तिला सांगितला. "कळप रानात बसवायचा म्हंजी पुढली मेंढरं आली म्हणून गडी निजत न्हाय. मागं एक लंगडी असती. ती आली का बघायचं, मग जाळी लावायची. घाई केली की तीच ऱ्हाती. तवा तिच्याच पायानं चाल. हितं कोण हाकतंय तुला?"

पंधरा दिवस असे गेले. मग एका सकाळी श्रावणीनं वाचलं, "ज्ञानदेव कोकरे यांचा दहावा उद्या." तात्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. आदल्याच दिवशी ते तिला माळेगावच्या ज्ञानदेवाच्या गोष्टी सांगत होते. दोघांनी तरुणपणी एकत्र मेंढरं राखलेली. "माळेगावचा?" त्यांनी विचारलं. पुढची ओळ लांब होती. तिनं ती सोडून दिली आणि म्हणाली, "हो, माळेगावचाच." त्या दिवशी मागल्या मेंढीचं तात्यांनी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. दुखवट्याची टॉवेल-टोपी पिशवीत होती. उशीर झाला म्हणून घाटावर न जाता थेट घरीच गेलो, तर अंगणात बाजेवर ज्ञानदेव कोकरे बशीतून चहा पीत बसलेले. त्यांच्या सुनेनं पिशवीतली टोपी बघितली आणि तोंड वाकडं करून आत गेली. खुद्द ज्ञानदेव मात्र खो खो हसले. "आयुक्ष वाढलं म्हण की माझं. आन ती टोपी, आणलीच हायस तर."

मग ते गंभीर झाले. "आरं, पणदऱ्याचा ज्ञानदेव गेला. मी आत्ताच दहावा करून आलो. तू दिसला न्हाईस, मला नवल वाटलं."

पणदऱ्याच्या ज्ञानदेवांच्या रानात तात्यांनी बारा वर्षं खतासाठी मेंढरं बसवली होती. दुष्काळात सगळ्यांनी कळपाला बांधावरून परत लावलं, तेव्हा त्या एका माणसानं विहीर मोकळी केली होती. त्याच्या दहाव्याला तात्या नव्हते.

घरी आल्यावर मी श्रावणीवर तुटून पडणार, एवढ्यात तात्यांनी हात वर केला. "मास्तर, गप ऱ्हावा. चूक माझी बी हाय, मी इचारलं न्हाय." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "बाय, मेल्या माणसाला जाहिरातीत चार ओळी मिळत्यात. तेवढ्या तरी पुऱ्या वाचाव्या." एवढंच. ती रडली, आणि मग स्वतःच म्हणाली, "तात्या, मी येते पणदऱ्याला."

पणदऱ्यात ज्ञानदेवांच्या पत्नी अनुसयाकाकी दारात बसल्या होत्या. श्रावणीनं, कुणी न सांगता, झालेला प्रकार त्यांना सांगितला. काकी म्हणाल्या, "आलात नव्हं? बसा." आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतर तिनं ओळ सोडली नाही. तात्या वस्तीवर परतले तरी रोज फोनवरून तिच्याकडून ते पान वाचून घ्यायचे. चष्मा लागला होता, तरी. मी संध्याकाळचा वर्ग बंद केला आणि नुसतं ऐकायला बसू लागलो. ते मला अजून नीट जमत नाही. ती शाळेत जात राहिली, दहावी झाली. आजही सावकाशच वाचते, पण पुरं वाचते.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले, झोपेतच. वस्तीवर सगळे जमलेले असताना चुलतभावानं पेपरला द्यायचा मजकूर मोबाइलवर लिहून माझ्या हातात दिला. "मास्तर, तेवढं तपासा." मी नजर फिरवली, शुद्धलेखन पाहिलं आणि म्हणालो, ठीक आहे, पाठव.

"थांबा," श्रावणी म्हणाली. तिनं फोन घेतला, बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं, एकेक शब्द करत वाचू लागली. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. चुलतभावानं कुणाची तरी जुनी जाहिरात समोर ठेवून मजकूर बनवला होता, आणि खाली दहाव्याचं ठिकाण त्या जाहिरातीतलंच राहिलं होतं, कऱ्हेचा घाट. आमचा दहावा नीरेवर होता.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मागली मेंढी बाहेरच राहिली होती."

तिनं ओळ दुरुस्त केली आणि मजकूर पाठवला. दहाव्याला नीरेच्या घाटावर सगळ्यांत आधी आल्या त्या पणदऱ्याच्या अनुसयाकाकी.