वन्संनी मला बोलायला लावलं

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. खडकीला फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे होत्या. मी कितीदा बाहेर बसा म्हटलं, पण त्यांचे यजमान गेल्यापासून त्या अशा वेळी स्वयंपाकघरातच थांबतात. आत दूध आटवत होत्या.

शेजारणीच्या मागोमाग एक अनोळखी बाई आली. नीटनेटकी, गोड बोलणारी. म्हणाली, ‘‘कंपनीकडून स्टीलचा डबा वाण आहे. फक्त आधार कार्ड दाखवा.’’ दारात आलेलं वाण नको कसं म्हणायचं? त्यातून घर माझं, म्हणून पहिला मान माझा. मी कार्ड दिलं. तिनं माझा फोटो काढला. फोनवर आलेला ओटीपी विचारला, तोही मी वाचून दाखवला.

आमचं बोलणं ऐकून वन्सं पळी हातात घेऊनच बाहेर आल्या.

‘‘अहो बाई, आमच्यात वाण देताना कुंकू लावतात. आधार कुठल्या गावाला मागतात?’’

बायका हसल्या. ती बाई मात्र चपला घालून निघूनच गेली. थोड्या वेळानं फोनवर मेसेज आला, माझ्या नावावर कर्ज मंजूर झालं होतं.

लेकीच्या नर्सिंगसाठी बँकेतून कर्ज काढायचं होतं आणि अर्जावर तिच्याबरोबर माझं नाव लागणार होतं. माझ्याच नावावर थकबाकी दिसली, तर बँक आम्हाला दारातही उभं करणार नव्हती.

वन्संनी एका शब्दानं बोल लावला नाही. आधी सायबर तक्रारीच्या नंबरला फोन लावला, मग माझ्या बँकेला. लेकीकडून मोबाईलवरच माझं आधार लॉक करून घेतलं. सकाळी मला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. मी त्यांच्या पाठीमागे उभी. हवालदारांनी त्यांनाच विचारलं, काय झालं.

‘‘मला काय विचारता? नाव हिचं वापरलंय. ही सांगेल,’’ म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

मंडईत भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी मी गप्प येते. पण त्या उठेनात, म्हणून सांगावंच लागलं.

‘‘ओटीपी दिलात कशाला?’’ हवालदार म्हणाले.

‘‘साहेब, वाण परत करायचं धाडस तुमच्या मिसेसना जमतं का, विचारून बघा घरी,’’ वन्सं बाकावरूनच म्हणाल्या. हवालदार हसले आणि त्यांनी तक्रार लिहून घेतली.

कर्ज देणाऱ्या कंपनीत मात्र मला एकटीलाच पाठवलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘मावशी, फोटो तर तुमचाच आहे.’’

मी म्हटलं, ‘‘फोटो माझा आहे. पैसे कोणाच्या खात्यात गेले, ते दाखवा.’’

खातं माझं नव्हतं. हेलपाटे बरेच झाले, पण शेवटी ते कर्ज माझ्या नावावरून काढल्याचं पत्र मिळालं आणि लेकीच्या कर्जावर मी सही केली.

बँकेतूनच वन्संना फोन केला. तुमच्यामुळे झालं, असं म्हणायला लागले, तर म्हणाल्या, ‘‘मी तर बाकावर बसले होते. पोरीला घेऊन जेवायला ये.’’