मावशीची चुकलेली शिलाई

मावशी कॉलेजच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायची. माझ्या आईशी भांडून तिनं अबोला धरला, त्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या पुस्तकात तत्त्वज्ञानाची पानं शिवून टाकली.

“लक्ष कुठे होतं?” ग्रंथपाल कडाडले.

मावशीला ते झोंबलं. उसवण्याआधी तिनं ते पुस्तक हट्टानं वाचून काढलं. मानसशास्त्र सांगत होतं, दुखतं तिथेच मन घुटमळतं. तत्त्वज्ञान विचारत होतं, मन घुटमळतंय हे बघणारं कोण?

“मीच की! मग नुसती बघत कशाला बसू?” म्हणत तिनं सुई उचलली.

दोन्ही पुस्तकं नीट शिवून तिनं ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली.

“लक्ष बहिणीकडे होतं. उद्या रजा हवी. तिच्याशी बोलायला जातेय.”

“आणि ती बोललीच नाही तर?”

“मग परवाचीही लागेल.”