तहान नाय

बिरू चितेगावच्या कारखान्यात लागला तोवर घरची मेंढरं विकून झाली होती. पाळी सुटली की तो थेट गुत्त्यावर जाई, आणि तिथून घरी कोण आणून टाकतं हे त्यालाही ठाऊक नसे. बिरोबाचा भंडारा उचलून त्यानं तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. देवही वैतागला असेल. शेवटी त्र्याण्णवच्या दिवाळीत सुगंधाबाई पोरीला घेऊन गंगापूरला माहेरी निघून गेली. संक्रांतीपर्यंत कोरडा राहिलास तर येईन, म्हणाली.

मग सोनाजी फिटरनं त्याला कामगारांच्या बैठकीत नेऊन बसवलं. सगळे एकेकाळचे पिणारे. सुट्टीच्या सकाळी सायकल स्टँडमागं लिंबाखाली पोती टाकून बसायचे. तिथं देव नाही, शपथ नाही. काय वाटतंय, एवढंच विचारायचे, आणि जो बोलेल त्याला शेजारच्यानं लोटाभर पाणी द्यायचं.

बिरूचं उत्तर ठरलेलं, काय नाय वाटत. ते खोटंही नव्हतं. दारू थांबल्यापासून हातपाय चालत होते, भाकर गिळली जात होती, पण आत सगळं बधिर. बायको गेल्याचंसुद्धा दुःख होत नव्हतं. शेजारी बसणारा दलित वस्तीतला कडुबा लोटा पुढं करी आणि बिरू म्हणे, तहान नाय.

जात आडवी येतेय, हे सगळ्यांनी आपापल्या मनानं ठरवून टाकलं. सोनाजीनं तर तोंडावर सुनावलं, की गुत्त्यात ह्याच्याच गिलासात पीत होतास, आता पाणी बाटलं होय रे? बिरूनं लोटा तरीही परतवला.

संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. दोन दिवसांनी घोषणा देऊन आवाज बसलेला कडुबा पेढे वाटत बैठकीला आला. बिरूच्या खिशात त्या सकाळी क्वार्टर होती. मुदत संपली होती, सुगंधाबाई उद्या येणार होती, आणि त्याचाही त्याला आनंद होत नव्हता.

"माय असती तर लई नाचली असती," कडुबा त्याच्या हातावर पेढा ठेवत म्हणाला.

बिरूनं पेढा खाल्ला नाही. पेढ्याकडं बघतच तो बोलायला लागला.

"अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत तुमची वस्ती पेटली, तवा मी हिरीवर मेंढरं पाजत हुतो. तुझी माय बादली मागाया आली. गावाच्या भ्यानं मी दिली नाय. ती तुझी माय, हे मला मागून कळलं. तुझ्या हातचं पाणी कोन्त्या तोंडानं पिऊ?"

कडुबानं लोट्यातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. तो नळावर गेला, लोटा काठोकाठ भरून आणला आणि बिरूपुढं धरला.

"माफ केलं म्हणून नाय," तो म्हणाला. "बोललास म्हणून पी."

बिरूनं खिशातली बाटली काढून पोत्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी लोटा घेतला. डोळ्यांत पाणी आलं नाही. लोटा रिकामा झाला तरी त्यानं तो तोंडापासून काढला नाही. त्याला खरोखरच लई तहान लागली होती.