मागच्या दाराचं कुलूप

साताऱ्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथं दरवर्षी आगीपासून बचावाचं व्याख्यान होतं. ‘दुसऱ्या वाटेनं बाहेर पडा’ हे वाक्य आलं की वसतिगृहातल्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. त्या का हसतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मीही हसले होते, सांगलीत शिकताना.

तिथं मी एका खासगी वसतिगृहात राहायचे. वरच्या मजल्यावरून मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना होता. वडील मला सोडायला आले ते खोली, पाणी, जेवण काही न बघता थेट त्या जिन्याच्या दारापाशी गेले. त्यांची उभी हयात फौजेत गेलेली. बराकीला आग लागली तर कुठून पळायचं, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण मुलीची बराक वेगळी. त्या दाराला कुलूप लागेपर्यंत त्यांनी माझी बॅग गाडीतून उतरवू दिली नाही. पुढं येणारा प्रत्येक बाप ते कुलूप ओढून बघायचा आणि निर्धास्त होऊन कडेगावला नाहीतर फलटणला परतायचा.

सांगलीच्या कॉलेजातलं असंच व्याख्यान ऐकून आम्ही वसतिगृहाच्या मालकीणबाईंकडे किल्ली मागितली. घरून फोन येऊ दे, मग देते, म्हणाल्या. मी वडिलांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कुलूप हाय म्हणून तर तू तिथं हायस,” ते म्हणाले. विषय संपला.

दिवाळीआधी परीक्षा चालू असताना एका सकाळी कुणीतरी खोल्यांपुढच्या बोळात बादलीला पाणी तापवायची कॉइल लावली आणि लाइट गेली. वाट बघून कंटाळलेल्या त्या मुलीनं ते गार पाणीच दुसऱ्या बादलीत ओतून नेलं आणि अंघोळ उरकली. कॉइल रिकाम्या बादलीत तशीच राहिली, बटणही चालूच. लाइट आली तेव्हा आम्ही सगळ्या खोल्यांत अभ्यासाला बसलो होतो. बादली वितळली, शेजारी रचलेल्या गाद्या पेटल्या आणि पुढचा जिना धुरानं भरून गेला. आम्ही मागच्या दारावर धडका मारत राहिलो. माझ्या खोलीतली शिराळ्याची मैत्रीण दम्याची होती. ती दारापाशीच खाली बसली. मी तिच्या तोंडावर ओली ओढणी धरली. खालच्या गॅरेजवाल्यानं मागचा जिना चढून बाहेरून पहारीनं दार कुलपासकट उचकटलं, तोवर तिचे ओठ निळे पडले होते.

ती वाचली. दवाखान्यातून भावानं तिला थेट गावी नेलं. तिची परीक्षा राहिली ती राहिलीच, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं.

तिला असं गावी नेलेलं बघून आम्ही बाकीच्यांनी घरी अवाक्षर काढलं नाही. कळलं असतं तर दार कुणी उघडलं नसतं, कॉलेज तेवढं बंद झालं असतं. आगीपेक्षा आम्हाला गावाकडच्या एसटीची धास्ती जास्त होती. मला अजूनही त्या सगळ्याचा संताप येतो.

दिवाळीला वडील न्यायला आले. तोवर बोळाच्या भिंतीला नवा रंग लागला होता आणि मागच्या दाराला नवं, आधीपेक्षा जाड कुलूप. वडिलांनी ते दोनदा ओढून बघितलं.

“आता काय काळजी न्हाई,” ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून पुढच्या जिन्यानं खाली निघाले.