भरल्या घागरीचं गाणं

दौंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात ऑपरेटर आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास. फर्स्ट शिफ्ट असली की साडेतीनला कंपनीची बस त्यांना चौकात सोडते आणि चारला गच्चीवर गिटार वाजू लागते. साडेपाचला थांबते. सहा वर्षांत या वेळेत फारसा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते माझ्याकडे रेकॉर्डर मागायला आले. मी वार्ताहर असताना मुलाखतींसाठी घेतलेला तो रेकॉर्डर अजून चालतो, हे त्यांना माहीत होतं.

"मोबाइलमध्ये होतं की रेकॉर्ड," मी म्हणालो.

"मोबाइल बारीक आवाज मोठा करतो, मोठा बारीक करतो. सगळं सारखं करून ऐकवतो. मला जसं आहे तसं ऐकायचंय. आणि तुम्हीही ऐका. तुम्ही गोड बोलत नाही."

मग त्यांनी कारण सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं मोठ्या बहिणीने, ज्यांना ते आक्का म्हणतात. आक्का शिरूरला राहतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. तिथल्या मराठी चर्चमध्ये तीस वर्षं गायनाची बाजू त्यांनीच सांभाळली. त्यांच्या आईने स्वतः रचलेलं एक गाणं होतं. नदीवरून पाणी आणताना ती ते म्हणायची. कुठल्याही गीतांच्या पुस्तकात ते नाही. आक्का दर वर्षी एकदाच, पीक हाती आल्यावर चर्चमध्ये देवाचे आभार मानतात त्या सुगीच्या उपकारस्तुतीला ते गायच्या, आणि ते गाणं तेवढ्यावर टिकून होतं.

त्या वर्षी आक्कांच्या गळ्याची गाठ काढावी लागली. आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. बोलणं घोगरं झालं, गाणं संपलं. उपकारस्तुतीला चार आठवडे उरले होते. भावाने विचारलं, मी गाऊ का? आक्कांनी अट घातली. आधी मला ऐकव. जमलं तर गा, नाही तर राहू दे. आईचं गाणं गेलं तर गेलं, पण नुसतं सांगाड्यासारखं उरायला नको.

प्रश्न इतकाच होता. आक्कांनी नाही म्हटलं, तर ते गाणं त्या वर्षी आणि बहुधा कायमचं थांबणार होतं.

पहिलं रेकॉर्डिंग गच्चीवरच झालं. चार ओळींचं ध्रुपद आणि तीन कडवी. ध्रुपद असं:

घोडनदीच्या वाटेनं निघाले मी एकली,
माझ्या मागं माझ्या देवाची सावली चालली.
पाय भाजती वाळूत, डोईवर घागर,
माझ्या पावलानं चाल, देवा, वाट लांब फार.

सूर बरोबर होते. ताल एकदाही ढळला नाही. कॉर्ड बदलताना बोटांचा खरखराट नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शब्द स्पष्ट आहेत."

ते हसले. "म्हणजे बातमी झाली."

तीन दिवसांनी ते एक कागद घेऊन आले. कारखान्यात ऑपरेटर दर तासाला तापमान आणि दाब लॉगशीटमध्ये भरतो. त्यांनी वीस वर्षं तेच केलेलं. गाण्याचीही त्यांनी तशीच शीट तयार केली होती. डावीकडे ओळी. पुढच्या रकान्यात आवाज किती टक्के, त्यापुढे गिटार किती टक्के. शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'सावली चालली'च्या समोर लिहिलं होतं, 'हळुवार'. 'वाट लांब फार'च्या समोर, 'इथे भरून यावे'.

शीटबरहुकूम केलेलं दुसरं रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा वाईट होतं. प्रत्येक जागी आवाज वाढत होता, पण कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवतंय असा. शिवाय गळा मोठा झाला की उजवा हातही जोरात पडायचा. शेवटच्या ओळीत सहाही तारा एकदम वाजल्या आणि 'देवा' हा शब्द ऐकूच आला नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'देवा ऐकू येत नाही' असं लिहून घेतलं. वाईट वाटून न घेता चूक लिहून घेणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही शिरूरला गेलो. ते, त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत. आक्कांचं घर जुन्या मिशन कंपाउंडच्या मागच्या बाजूला आहे. पुढे फरशीचं अंगण, अंगणाला दोन पायऱ्या, मग फाटक. आक्कांनी चहा दिला आणि गाणं पूर्ण ऐकून घेतलं. मग भावासमोरचा कागद उचलून चष्म्याजवळ धरला.

"इथं भरून यावं," त्यांनी घोगऱ्या आवाजात वाचलं. "साठ टक्के?"

"हां."

"आन् उरलेलं चाळीस कुठं ठेवतूस?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊही हसला, पण कान लाल झाले होते. "मग काय करू, आक्का? जोर दिला तर म्हणशील ओरडतोय, नाही दिला तर म्हणशील नुसतं वाजवतोय."

आक्कांनी कागद घडी करून बशीखाली ठेवला आणि वहिनींना म्हणाल्या, "ती न्हाणीतली कळशी भर गं. काठोकाठ. आन् एक जुनं फडकं आण, चुंबळ करू."

"वन्सं, कशाला?"

"आणशील तर खरं."

फडक्याची गोल चुंबळ भावाच्या डोक्यावर बसली, तिच्यावर स्टीलची भरलेली कळशी. आक्कांनी सांगितलं, दारापासून फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, गात गात. गिटार बाजूला.

पहिल्या फेरीत कळशी हिंदकळून शर्ट भिजला. ते नेहमीच्या आवाजात गात होते आणि छाती भरून श्वास घेतला की पाणी सांडत होतं.

"कंपनीत असंच सांडतं का हो?" वहिनींनी विचारलं.

शेजारच्या कंपाउंडवरून एक म्हातारे गृहस्थ डोकावले. "काय रे, दौंडला नळाला पाणी न्हाई व्हय?"

"आबा, गाणं शिकतोय त्यो," आक्का म्हणाल्या.

"डोक्यानं?"

"व्हय. गळ्यानं शिकून झालं."

दुसऱ्या फेरीत आवाज आपोआप लहान झाला. भरलेलं भांडं डोक्यावर असताना मोठ्याने गाताच येत नाही, मान ताठ ठेवावी लागते, श्वास छोटे होतात. तिसऱ्या फेरीत त्यांचं आमच्याकडे लक्ष राहिलं नाही. फाटकाकडून परत येताना ते पायऱ्यांपाशी पोचले आणि त्याच वेळी शेवटची ओळ आली. 'माझ्या पावलानं चाल' एवढं म्हणून ते थांबले. पाय वर टाकला, तोल सांभाळला, दुसरा पाय वर घेतला. मग 'देवा' हा शब्द आला, खालच्या पट्टीत, अर्धा श्वास उशिरा.

आक्कांनी हात वर केला.

"तिथं. आई तिथंच थांबायची. भरली घागर घेऊन नदीतनं वर यायला चढ हुता. पाय ठरला की मगच देवा म्हणायची."

भाऊ कळशी डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. "तू गायचीस तेव्हा तिथं थांबायचीस. मला वाटायचं ती गायकीतली हरकत आहे."

"हरकत न्हाई. चढ हाय."

तीस वर्षं दर सुगीला ते हे गाणं ऐकत आले होते. ती जागा सुरांसकट पाठ होती. ती कशामुळे आली हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, कारण आक्कांना ते सांगायची गरज कधी वाटली नव्हती.

मग गिटार आली. ओल्या शर्टानेच ते बसले. आक्कांनी आता त्यांना गाऊ दिलं नाही. "मी ओळ बोलते, तू वाजव. माझं बोलणं झाकलं गेलं तर तुझं चुकलं." शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कागद चुरगळल्यासारखा झाला होता, गिटार सुरू झाली की जेमतेम ऐकू येणारा. त्याच्या खाली गिटार ठेवायची होती. सुरुवातीला प्रत्येक ओळ बुडाली. मग त्यांनी तारा छेडायचं पिक खिशात टाकलं. अंगठ्याने फक्त जाड तार, एकेक पाऊल पडावं तशी. वरच्या बारीक तारांना बोटं ओळ संपल्यावरच लागत, आक्का श्वास घेत तेवढ्या वेळात. चढाच्या जागी हात पूर्ण थांबला.

अर्धा तास हे चाललं. बहीण गात नव्हती, भाऊ गात नव्हता, आणि गाणं चालू होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच गायक-वादक कव्हर केले. साथ म्हणजे काय, याची इतकी सरळ व्याख्या मला कुठे मिळाली नव्हती.

निघताना आक्का म्हणाल्या, "अजून न्हाई. आदल्या दिवशी ये, शनिवारी. तवा सांगते."

पुढचे तीन आठवडे मी गच्चीवरचा सराव ऐकला. आधी ओळ नुसती बोलायची, कुणाशी तरी बोलावी तशी. मग अंगठा सुरू करून तीच ओळ बोलायची. हात न बघता, न मोजता चालू लागला की मगच सूर लावायचा. एक ओळ दोन-दोन दिवस चालायची. सेकंड शिफ्ट लागली तेव्हा सराव सकाळी साडेनऊवर गेला, पण चुकला नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवीनच अडचण उभी राहिली. गाणं खरंच आत पोचलं, आणि तिसऱ्या कडव्यात त्यांचा गळा दाटून येऊ लागला. सलग चार दिवस त्यांना तिथून पुढे जाता आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, रडायचं असेल तर गिटार ठेवा खाली, दोन्ही एकदम कशाला?" भावाने आक्कांना फोन केला. फोनवर आक्कांचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी नंतर मेसेज पाठवला. भावाने तो मला दाखवला. लिहिलं होतं: तू रडलास तर लोक तुला बघतील. मग आईला कोण बघणार.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या कडव्याआधी ते दोन पावलांएवढी गिटार एकटीच वाजू देऊ लागले. तेवढ्या वेळात श्वास खाली उतरायचा. गळा पुन्हा अडकला नाही. भावना मात्र कमी झाली नव्हती, हे रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

शनिवारी आक्कांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर भाऊ तारांवर तळवा ठेवून बसला होता.

"उद्या माइक लांब ठेवायला सांग," त्या म्हणाल्या. एवढीच परवानगी होती.

सुगीच्या उपकारस्तुतीला चर्चमध्ये पुढे टेबलं मांडतात आणि लोक आपापल्या शेतातलं आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, वांगी, उसाची मोळी, पाटीत पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. पेटीवाले आणि तबलजी बाजूला बसले होते. पाळकांनी नाव पुकारलं तेव्हा ऑपरेटर समोर कागद न ठेवता उभे राहिले.

पहिलं ध्रुपद ठीक गेलं. दुसऱ्या वेळी चढाची जागा आली, गिटार थांबली, चर्चमध्ये शांतता झाली आणि पाटीतली कोंबडी जोरात ओरडली. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. हीच जागा ठरल्या वेळेवर उरकली असती तर सगळे हसले असते. ते थांबून राहिले. कोंबडी गप्प होईपर्यंत, आणि त्यानंतरही एक पाऊलभर. मग 'देवा' म्हणाले. मी त्या वेळी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते आणि त्या भावाकडे पाहत होत्या, ऐकणारा माणूस पाहतो तसं, परीक्षा घेणारा पाहतो तसं नाही.

शेवटच्या ध्रुपदाला डावीकडच्या बाकांवरच्या बायका हळूच सामील झाल्या. कुणी खूण केली नव्हती.

उपासना संपल्यावर बाहेर पटांगणात एका तरुण बाईने आक्कांना गाठलं. "आक्का, शब्द द्या ना गाण्याचे. आमच्या खुटबावच्या प्रार्थना-बैठकीत म्हणू."

"त्याला विचार," आक्का म्हणाल्या. "माझ्याकडं आता न्हाई ते."

ती त्यांच्याकडे गेली. त्यांच्या एका हातात गिटारची बॅग होती आणि दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेली वांग्यांची पिशवी. दोन्ही खाली न ठेवता त्यांनी ओळी सांगितल्या आणि तिने त्या मोबाइलवर उतरवून घेतल्या. चौथ्या ओळीला त्यांनी तिला थांबवलं.

"इथं 'चाल'नंतर थांबायचं असतं. तेही लिहून घ्या."

"ते नको लिहायला, दादा," ती टाइप करत म्हणाली. "ते कळलं."