तोंडाला काळं फासलेले नट आणि आपल्या टाळ्या

मंडळी, आज दुपारी जे बोईसरला आले नव्हते, त्यांच्यासाठी हे लगेच लिहून फलकावर लावतोय.

तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावरच्या एका परदेशी इंजिनियर साहेबांनी आपल्या फिल्म मंडळाला त्यांच्या देशातला जुना मूकपट दाखवला. सुरुवातीलाच म्हणाले, "गोष्टीकडे लक्ष देऊ नका, तंत्र बघा." मला तेव्हाच शंका आली. गोष्ट का नाही बघायची?

तंत्र अफाट आहे, यात वाद नाही. घरात अडकलेली मुलगी, दौडत येणारे गोरे घोडेस्वार, पुन्हा मुलगी. स्वार पोचले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण ते स्वार निघाले होते काळ्या माणसांना चिरडायला.

शेजारी वारली पाड्यावरचे आपले जानू गुरुजी हात बांधून बसले होते. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, काळ्यांची कामं गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून का केली? तुमच्याकडं काळी मानसं नाय काय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. "तेव्हा तशीच पद्धत होती," म्हणत साहेब रीळ गुंडाळू लागले.

बाहेर आल्यावर गुरुजी मला म्हणाले, "उद्या आमच्यावर असाच शिनेमा काढला, तरी तुमी टाळ्या वाजवाल. फक्त चांगला काढला पायजे."



साहेबांना हाच खेळ रविवारी कुंभवलीत शाळेच्या मुलांना दाखवायचाय. होकार मंडळाने द्यायचा आहे. मला आज त्या चित्रपटाइतकाच स्वतःच्या हातांचाही संशय येतोय. तुम्ही सांगा, दाखवायचा का?