नॉन म्हणजे नाही

पोरांनो, आजोबांना नेमका कोणता लिम्फोमा झालाय, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी रेंज गेल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. आता क्रमाने लिहिते.

त्यांच्या मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली होती. रिपोर्ट नगरला मिळाला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. पारनेरच्या एसटीत बसल्यावर आजोबा म्हणाले, "वाच की बाई. जल्मभर पोरांना इंग्रजी शिकिवलं, आता नवऱ्याला शिकीव."

मी चष्मा लावला. 'हॉजकिन' हे नाव कॅन्सरचं, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्याआधी 'नॉन' लिहिलं होतं. मी म्हणाले, "नॉन म्हणजे नाही. तो रोग नाही तुम्हाला."

पारनेरला उतरल्याबरोबर त्यांनी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि माझ्यासमोर कागदावर झाड काढलं. लिम्फोमाच्या दोन फांद्या. गाठीच्या तुकड्यात एक ठरावीक मोठी पेशी सापडली तर हॉजकिन. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन. म्हणजे नकार त्या पेशीचा होता, कॅन्सरचा नव्हता. मग या फांदीला फाटे: बी पेशींचा की टी पेशींचा, सावकाश वाढणारा की झपाट्याने. प्रत्येक फाट्याशी पेन थांबायचं आणि मला नको त्या बाजूला जायचं.

आजोबांना मी 'गाठीचं औषध' एवढंच सांगितलं. सलाइनमधून औषधाचे सहा डोस झाले. गाठ बसली, आणि दिवाळीनंतर पुन्हा आली.

काल शेजारचे बघायला आले. आजोबा उशीला टेकून म्हणाले, "कॅन्सर न्हाई. आमच्या बाईनं सोता वाचलंय."

शेजारचे परत गेल्यावर मी म्हणाले, "अहो, मी चुकीचं वाचलं होतं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"बाकावर समदे केस गेलेले बसले हुते. तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"पेढे वाटून झाल्ते ना!" त्यांना हसताना ठसका लागला. पाणी दिलं, ते गिळवलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "पोरांना लिव्ह. पर या बारीला नीट लिव्ह."

नॉन-हॉजकिन. टी पेशींचा. झपाट्याने वाढणारा. औषध बंद केलं आहे.